मोतीलाल बिल्डिंग, खोली नंबर तेवीस

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी कापसाच्या सव्वीस गाठी भरलेला एक ट्रक धुळ्याच्या जुन्या पेठेत, मोतीलाल बिल्डिंगच्या दारात येऊन थांबला. मोहिनी फेगडे वाळूच्या पोत्यांची वाट बघत होती.

केबिनमधून एक तरुण उतरला. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि डाव्या भुवईत अडकलेला कापसाचा एक तंतू.

"इंजिनिअर साहेब कुठे भेटतील?" त्याने विचारलं.

"भेटले."

त्याने तिच्याकडे बघितलं. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात वही, कानामागे पेन्सिल. मग त्याने घाईघाईने बाह्या खाली ओढल्या... का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"हे काय आणलंत?"

"कापूस."

"मला वजन हवंय. कापूस नकोय."

"वजनच आहे मॅडम. एखादी गाठ पायावर घेऊन बघता?"

ती हसली नाही. पण वहीत लिहिण्याआधी तिची पेन्सिल क्षणभर हवेतच थांबली.

मोतीलाल बिल्डिंग १९३६ सालची. मोतीलाल नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने ती भाड्याने देण्यासाठी बांधली. तळमजला धरून तीन मजले, छप्पन खोल्या, प्रत्येक मजल्यावर सागवानी कठड्याची लांब गॅलरी. शेवटचा भाडेकरू गेल्याला बारा वर्षं झाली होती. गेल्या वर्षी अठ्ठावीस कुटुंबांनी गृहनिर्माण संस्था काढली. दवाखान्यातल्या आया, एसटीचे सफाई कामगार, दोन शिंपी, एक इस्त्रीवाला. दोन-दोन खोल्या जोडून अठ्ठावीस घरं करायची, प्रत्येक घराला स्वतःचा संडास आणि नळ, असा त्यांचा बेत होता. मालकाचे वारस सुरतेला होते. त्यांनी मुदत दिली होती २० फेब्रुवारी, दुपारी बारापर्यंत. तोवर इमारत राहण्याजोगी आहे असा इंजिनिअरचा दाखला आला तर ती संस्थेला. नाहीतर एका बिल्डरला, आणि बिल्डर ती पाडणार होता.

दाखला मोहिनीच्या सहीने निघायचा होता. तिने तिन्ही मजले फिरून सगळ्यांत कमजोर खोली निवडली. पहिला मजला, नंबर तेवीस. त्या खोलीवर चार हजार तीनशे वीस किलोचा भार ठेवायचा, चोवीस तासांनी मजला किती वाकला ते मोजायचं, भार काढायचा, आणि पुढच्या चोवीस तासांत तो वाकलेल्यापैकी पाऊण हिस्सा परत वर येतो का ते बघायचं. सरळ काम. फक्त नदीतल्या वाळूचा लिलाव रखडलेला, त्यामुळे वाळूवाल्याने आदल्या दिवशी हात वर केले, आणि संस्थेच्या अध्यक्ष कुंदाबाईंनी मोहिनीला न कळवताच आपल्या भाच्याला फोन लावला. भाचा, हितेंद्र देसले, प्रेमराजशेठच्या जिनिंग फॅक्टरीत सुपरवायझर होता. शेठनी गाठी दोन दिवस वापरायला दिल्या. अट एकच : आगीचं भय, तेव्हा दिवसभर हितेंद्रने गाठींपाशी बसायचं.

"एका गाठीचं वजन किती?" मोहिनीने विचारलं.

"एकशे सत्तर."

"नक्की?"

"जिनिंगमध्ये कुणालाही विचारा. गाठ म्हणजे एकशे सत्तर."

भुवईतला तंतू अजून तिथेच होता. "तुमच्या इथे..." ती म्हणाली आणि स्वतःच्या भुवईकडे बोट केलं. त्याने उजवी भुवई पुसली. "दुसरी." त्याने दुसरी पुसली. मोहिनीने वहीत लिहिलं : २६ × १७० = ४४२०. पुरेसं होतं.

गॅलरीच्या तुळईला चेन-कप्पी लावून गाठी एकेक वर चढल्या. बारा वाजता शेवटची गाठ खोलीत बसली.

खाली, तेवीस नंबरच्या बरोबर खालच्या खोलीत, लोखंडी टेकूंच्या मधोमध तिपाईवर डायल गेज उभं होतं. घड्याळासारखी तबकडी, एक काटा. वरचा मजला केसभर जरी खाली आला तरी काटा हलायचा. मोहिनी दर तासाला ते वाचायची. हितेंद्र वर गाठींपाशी बसायचा, पण दर तासाला त्याला खाली काहीतरी काम निघायचं.

"पाणी हवंय का?"

"मागच्या तासाला दिलंत."

"मग चहा?"

"गाठींपाशी कोण आहे?"

"फुई बसलीय. तिच्या तोंडासमोर विडी पेटवायची धुळ्यात कुणाची हिंमत नाही."

आत्याला तो फुई म्हणायचा. कुंदाबाई चाळीस वर्षं दवाखान्यात आया होत्या; आवाज वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. दुपारी त्या डबा घेऊन खाली आल्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात.

"पोरी, तुना कागद तू बघ," त्या म्हणाल्या. "आम्हले इतलंच सांग. ऱ्हावाले भेटी का नही?"

"गुरुवारी सांगते, अक्का."

"आज नही सांगता येत?"

"आज सांगितलं तर ते खोटं असेल."

कुंदाबाईंनी भाच्याकडे बघितलं. "हाई पोर कडक शे," त्या म्हणाल्या, आणि भाकरी मोडून आधी तिच्या ताटात वाढली.

मोहिनीने भरीत चाखलं. "छान आहे. पण वांगं आमच्याकडचं नाही."

"आमच्याकडचं म्हणजे?" हितेंद्रने विचारलं.

"फैजपूरकडचं. भरीत आमच्या भागातल्या वांग्याचं होतं. इकडच्या वांग्याची भाजी होते."

"केळीवाले का तुम्ही? तरी म्हटलं. तापीचं पाणी सगळं केळीला पाजायचं आणि वर आम्हाला वांगी शिकवायची."

"तुम्ही कुठले?"

"दोंडाईच्याजवळचे. आमचा कापूस आभाळाकडे बघून येतो. कुणाचं पाणी पळवत नाही."

"म्हणूनच गाठी दुसऱ्यांच्या पिकाच्या बांधता."

त्याने घास खाली ठेवला. "फुई, ऐकलंस?"

"ऐकं," कुंदाबाई म्हणाल्या. "खरं बोलनी."

बुधवारी बारा वाजता मजला नऊ पूर्णांक चार मिलिमीटर वाकलेला होता. गाठी उतरल्या, ट्रक जिनिंगला परत गेला. गाठी गेल्या तशी हितेंद्रने तिथे बसायची अटही गेली. गुरुवारी दुपारी तीन वाजता तो तरीही आला. काट्यासमोर मोहिनी वाकली होती. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, पेन्सिलने गुणाकार केला.

"एक्क्याऐंशी टक्के वर आलाय," ती म्हणाली. "पंचाहत्तर लागतात."

"म्हणजे पास?"

"म्हणजे पास."

अठ्ठावीस घरांतलं सोळा नंबरचं फुईचं होतं. चाळीस वर्षं ती बाई दुसऱ्यांच्या खोल्यांत, पत्र्याखाली राहिली होती. मोहिनीने वही मिटली. त्या लहान खोलीत दोघांच्या मध्ये फक्त तो तिपाईवरचा काटा होता.

"दोन दिवस या काट्याकडे जेवढं बघितलंत..." तो म्हणाला.

"तेवढं काय?"

"काही नाही. काटा नशीबवान आहे."

तिने हेल्मेट काढून काखेत धरलं. "उद्या साडेदहाला दाखला देते," ती म्हणाली. "त्यानंतर मला काम नाही. चहा विचारायचा असेल तर उद्या विचारा."

दुसऱ्या दिवशी त्याने चहा विचारला नाही.

शुक्रवारी सकाळी आठ चाळीसला तो बिल्डिंगच्या दारात मोटरसायकल लावून उभा होता. तारीख चौदा फेब्रुवारी होती. दोघांपैकी कुणीही तिचा उल्लेख केला नाही. त्याच्या हातात घडी केलेला एक कागद होता.

"दाखला दिला?"

"साडेदहाला म्हटलं ना. काय झालं?"

"देऊ नका."

त्याने कागद उघडला. सव्वीस गाठींचा लॉट काल संध्याकाळी सूतगिरणीकडे रवाना झाला. माल निघताना गाठवार वजनाची यादी निघते. ती त्याच्यासमोर आली. गाठी दाबणाऱ्या प्रेसचा पंप बदलला होता त्या आठवड्यातला हा लॉट. दाब कमी बसला, गाठी हलक्या उतरल्या. सगळ्यांत जड एकशे एकसष्ट, सगळ्यांत हलकी एकशे बावन्न. सव्वीस गाठींचं मिळून चार हजार ब्याऐंशी किलो.

मोहिनीने आकडे वरून खाली वाचले, मग खालून वर. "दोनशे अडतीस किलो कमी."

"दीड गाठ," तो म्हणाला. "माझी चूक. आमच्याकडे भाव एकशे सत्तरवर बोलतात, गाडी एकशे सत्तरवर ठरते... गाठ म्हटलं की तोंडातून एकशे सत्तरच निघतं. तुम्ही खरं वजन विचारत होतात. मी सवयीने बोललो."

"हे यादीचं कुणाला माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"अक्कांना?"

"अजून नाही."

गल्लीत दूधवाल्याच्या कॅनचा आवाज झाला. मोहिनीने पुन्हा कागदाकडे बघितलं. "तुम्ही गप्प राहिला असतात तर मला कधीच कळलं नसतं."

"हो."

"आज सही झाली असती. सोळा नंबर पक्का."

"हो. आणि त्या घराच्या जमिनीवर फुई झोपली असती."

ती पायरीवर बसली. चेहरा लाल झाला होता आणि राग त्याच्यावर नव्हता. सहा वर्षांच्या नोकरीत तिने मिस्त्रीने सांगितलेली उंची पुन्हा मोजली होती, साहेबाने सांगितलेली खोली पुन्हा मोजली होती. एकदा तर खुद्द वडिलांनी सांगितलेली शेताची रुंदीही तिने टेप लावून बघितली होती. आबा चार दिवस बोलले नव्हते.

"तोंडी सांगितलेला आकडा मी कधी घेत नाही," ती म्हणाली. "कुणाचाच. त्या दिवशी तुमचा घेतला."

"का घेतला?"

"ते मला अहवालात लिहायचं नाहीये."

तो खालच्या पायरीवर बसला.

"आणि अहवालाबाहेर?" त्याने हळूच विचारलं.

"तुमच्या भुवईत कापूस होता," ती म्हणाली. "माझं लक्ष तिकडे होतं."

कुंदाबाईंना सांगायला दोघं मिळून गेली. हितेंद्र बोलला, मोहिनीने हिशोब समजावला : मजला वाकला तो कमी भाराखाली, पुऱ्या भाराखाली किती वाकेल ते आज कुणाला माहीत नाही. परत परीक्षा घ्यायची तर सोमवारी गाठी चढतील, बुधवारी पाच वाजता शेवटचा आकडा येईल, गुरुवारी बाराला मुदत संपेल. तिसरी संधी नाही. यावेळी मजला नापास झाला तर दाखला मिळणार नाही.

कुंदाबाईंनी चुलीवरचं पातेलं उतरवलं. भाच्याकडे बराच वेळ बघितलं.

"तू तोंड कसाले उघाडं रे?"

हितेंद्रने मान खाली घातली. मोहिनी काहीतरी बोलायला गेली, पण कुंदाबाईंनी हात वर केला.

"दवाखानामा चाळीस वरीस काढात मी," त्या म्हणाल्या. "खोटा रिपोर्टवर मानूस घर गया का काय व्हस, ते माले सांगू नको. बिल्डिंग पडी तं आमनाच डोकावर पडी. कर परत." मग त्यांनी पदराने हात पुसले. "बठ्ठासले, अठ्ठावीस घरले, मी सांगस. तुम्ही गाठी मोजा."

शनिवारी सकाळी साडेनऊपासून मोहिनी जिनिंग फॅक्टरीच्या गोदामात वजनकाट्याशेजारी उभी होती. एकेक गाठ काट्यावर यायची, ती आकडा वाचायची, हितेंद्र वाचायचा, दोघांचे जुळले की खडूने गाठीवर लिहायचा. यावेळी अठ्ठावीस गाठी लागणार होत्या. शेजारच्या यंत्रांतून उडणारी रुई गोदामभर तरंगत होती. अकरा वाजेपर्यंत तिची वेणी, भुवया, ओढणी, सगळं पांढरं झालं.

"म्हातारपणी तुम्ही अशा दिसाल," तो म्हणाला.

"तेव्हा बघायला कोण असणार आहे?"

"मी."

यंत्रांचा आवाज चालूच होता. काट्यावरच्या गाठीने एकशे अठ्ठावन्न दाखवले होते. दोघांपैकी एकानेही ते वाचले नाहीत.

"हे सवयीने बोललात," तिने विचारलं, "की मोजून?"

"मोजून. मंगळवारपासून मोजतोय."

"आज शनिवार."

"माहीत आहे. पाचच दिवस झालेत. म्हणून आत्ता उत्तर मागत नाहीये."

मोहिनीने ओढणीच्या टोकाने डोळ्यांवरची रुई पुसली. "एकशे अठ्ठावन्न," ती म्हणाली. "लिहा. पुढची घ्या, हितेंद्र."

तिने त्याला नावाने हाक मारली ती ही पहिली. त्याने खडूने एकशे अठ्ठावन्न लिहिलं आणि त्याच्याखाली, कारण नसताना, एक रेघ ओढली.

सोमवारी दुपारी दोन वाजता चार हजार तीनशे एक्क्याण्णव किलो वजन खोली नंबर तेवीसमध्ये होतं. मंगळवारी दोन वाजता मजला दहा पूर्णांक दोन मिलिमीटर वाकलेला होता. पाचपर्यंत गाठी उतरल्या. आता बुधवारी पाचपर्यंत त्याला सात पूर्णांक पासष्ट तरी वर यायला हवं होतं.

बुधवारी सकाळी नऊला तो साडेसहा वर आला होता. बाराला सहा पूर्णांक नऊ. संस्थेची माणसं एकेक करून जमायला लागली होती. कुणी दवाखान्यातली पाळी बदलून आलेलं, कुणी एसटीच्या खाकी कपड्यांतच. कुंदाबाईंनी सगळ्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवलं होतं. मजल्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही, खालच्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही.

खालच्या खोलीत दोघंच होती.

"हळू येतोय," हितेंद्र म्हणाला.

"सागवान आहे. ऐंशी-नव्वद वर्षांचं. त्याला घाई नसते."

"आला नाही तर?"

"तर मी नापास लिहीन."

"माहीत आहे. फुईला पण माहीत आहे. पहाटे मला म्हणाली, ती पोर जे लिखी ते खरं ऱ्हाई."

मोहिनी काट्याकडे बघत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "रविवारी काय करताय?"

"काही नाही. का?"

"फैजपूरला येता? आबांना भेटायला."

त्याने तिपाईला धक्का लागू नये म्हणून एक पाऊल मागे घेतलं. "मोहिनी... हे मजला वर आला तर, की..."

"मजल्याचा काही संबंध नाही. पाच वाजता काटा कुठेही असू दे. तुम्ही येताय का, एवढंच विचारतेय."

"येतोय."

"नीट विचार करून सांगा. आम्ही लेवा पाटील, तुम्ही देसले. आबा सरळ माणूस आहे, पण सोपा नाही."

"तुम्ही कुठे सोप्या आहात?"

यावेळी ती हसली. आवाज न करता, ओढणी तोंडाशी धरून, कारण काटा हलू द्यायचा नव्हता.

तिने तिथूनच फोन लावला. जीवराम फेगडे केळीच्या बागेत होते. पलीकडून पंपाची घरघर ऐकू येत होती.

"आबा, रविवारी मी एकाला घरी घेऊन येतेय."

घरघर बंद झाली. त्यांनी पंप बंद केला असावा.

"कोन हाये?"

"हितेंद्र देसले. दोंडाईच्याकडचा."

"आपल्यातला नाही मंग."

"नाही."

"करतो काय?"

"जिनिंगवर सुपरवायझर आहे."

"मानूस कसा हाये?"

मोहिनीने समोर बघितलं. हितेंद्र खिडकीच्या गजाला धरून उभा होता आणि ऐकत नसल्याचं दाखवत होता.

"स्वतःच्या घरचं नुकसान होणार हे माहीत असताना खरं सांगायला आला," ती म्हणाली. "मी बघितलंय."

पलीकडे खुरपं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"जेवाले थांबीन का निस्ता चहावर जाईन?"

"थांबेल."

"तुह्या मायले इचारतो," जीवराम म्हणाले. "मंग फोन करतो."

हे दीड वाजता झालं. अडीचला काटा सात पूर्णांक एकवर होता, साडेतीनला सात पूर्णांक तीनवर. कुंदाबाई आत येऊन भिंतीला टेकून बसल्या, आकडा विचारला नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी, दुपारचे चार. काटा सात पूर्णांक चारवर आहे. पाव मिलिमीटर बाकी आहे आणि एक तास. हितेंद्रने आकडा वाचला, मोहिनीने वाचला, दोघांचे जुळले. फैजपूरहून फोन अजून आलेला नाही.